हलदआय आणि हातांची गाणी

हलदआय गाणं ऐकताना गाणाऱ्याकडे कधी बघायची नाही. ती ऐकणाऱ्यांच्या पायांकडे बघायची. गावात कोणाची हळद असली की मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ती समोरच्या पायांची पारख करायची. कोण मनापासून नाचतोय, कोण सोयऱ्यांच्या भिडेखातर उभा आहे, कोणाला आता घरी जायचंय, हे तिला गुडघ्याखालूनच कळायचं. लोक जवळ येऊन सांगायचे की आय, तुझ्या धवल्याची सर दुसऱ्या कशाला नाही. ते गेले की ती माझ्याकडे वळून म्हणायची, "मना सांगतान धवला लय चांगला. पाय बघ त्यांचं. बेंजो कवा लागतं त्याची वाट बघतान."

धवला म्हणजे आम्हा आगरी लोकांची लग्नातली जुनी गाणी. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक कामाचं गाणं वेगळं, आणि ती गाणारी बाई म्हणजे धवलारीण. कोपर स्टेशनच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला आमचं गाव आहे. आता चारी बाजूंनी इमारती आल्या आहेत आणि मधोमध आमची चाळीसेक घरं उरली आहेत. त्या घरांची शेवटची धवलारीण हलदआय. ती आमच्या नात्यातली नव्हती. तिच्याशिवाय कोणाची हळद सुरू होत नसे, म्हणून हे नाव पडलं. तिचं खरं नाव गोमीबाई आहे हे मला फार उशिरा कळलं, तेही हॉस्पिटलच्या कागदावरून.

आमच्या गावात गाण्यांवरून भांडणं होतात. पन्नाशीच्या मामालोकांना बेंजो पाहिजे असतो, कॅसेटच्या काळातला, खड्या आवाजाचा. त्यांच्या बायकांना ब्रास बँड. माझ्या दादाच्या वयाच्या पोरांना डीजे, म्हणजे बोल आमच्याच बोलीतले, पण खालून असा ठोका की छातीत जाणवतो. प्रत्येकाला वाटतं की आपलंच खरं आगरी गाणं आणि बाकीच्यांनी वाट लावली. मी हलदआयला एकदा विचारलं की यातलं खरं कोणतं. मला वाटलं ती धवल्याचं नाव घेईल. ती म्हणाली, "ज्याच्या त्याच्या हलदीला जे वाजलं, ते त्याला खरं. मना पन तसंच हाय." पुढे तिने डीजेची तक्रारही केली नाही. तिला तो आवडायचा. चांगला ठोका लागला की खुर्चीवरून उठून दोन फेऱ्या नाचून परत बसायची, आणि आम्हा मुलींना सांगायची की तुम्ही फक्त हात हलवता, कंबर घरी ठेवून येता.

मी स्वतः डीजेवाली. हे आधीच सांगितलं पाहिजे, नाहीतर मी फार शहाणी होते असं वाटेल. ठाण्याला कॉलेजात गेल्यावर घोडबंदर रोडवर राहणाऱ्या मैत्रिणी मला आमची नवी गाणी मोबाइलवर लावून दाखवायच्या आणि विचारायच्या, ही तुमचीच ना? मला बरं वाटायचं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. तिथं अभिमानाने सांगण्यासारखं माझ्याजवळ फार काही नव्हतं, त्यात ही गाणी होती. धवला मी कधी शेवटपर्यंत ऐकलाच नव्हता. तो आत चालायचा, बायकांत, हळद वाटताना. मी बाहेर असायचे.

दादाचं लग्न ठरलं तेव्हा बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेले. दादा तेव्हापासून शीळफाट्याच्या पुढे एका कारखान्यात पाळीवर जायचा, आणि माझी फी त्यानेच भरली. त्याची हळद जोरात व्हावी असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. स्पीकर दहाला बंद करावा लागतो, त्यामुळे आमच्याकडे हळदीला वेळ कधीच पुरत नाही आणि भांडणं होतात. कॉलेजच्या कार्यक्रमात मी वेळापत्रकं बनवत असे. मी एका कागदावर सगळं स्वच्छ लिहिलं. सहा ते साडेसहा धवला. साडेसहापासून डीजे. मध्ये जेवणाच्या पंगती. कागद मांडवाच्या खांबाला चिकटवला, एक प्रत डीजेवाल्याला दिली आणि हलदआयला वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकलं आणि फक्त "बरं" म्हणाली.

आई त्या दिवशी सकाळपासून दोनदा बोलली होती की आज तुझ्या बाबांना बोलावणं जाईल. मला वाटलं, बायका असं बोलतात.

सहाला हलदआयने पाटा मांडला, आईचा हात वरवंट्यावर ठेवला, त्यावर स्वतःचा ठेवला आणि सुरू केलं. धवल्यात आधी देवांना आमंत्रण असतं. गावदेवी, शिवेवरचा देव, खाडी, आता बुजवलेली विहीर, कोणालाही वगळायचं नाही. मग घरातले गेलेले लोक, जुन्यापासून नव्यापर्यंत, एकेकाचं नाव घेऊन. ज्याचं नाव घेतलं नाही त्याला बोलावलं नाही, असा हिशेब. बाबा सगळ्यांत शेवटी गेलेले, म्हणून त्यांचं नाव सगळ्यांत शेवटी. आई खाली मान घालून हळद वाटत होती आणि वाट बघत होती. हलदआय पणजोबांपर्यंत आली आणि साडेसहा वाजले. डीजे सुरू झाला.

मी पळत डीजेवाल्याकडे गेले. पाच मिनिटं थांबा म्हणाले. तो दादाच्याच वयाचा, चांगला माणूस होता. त्याने माझाच कागद पुढे केला आणि म्हणाला, "ताई, तुम्हीच लिहिलंय ना?" समोर पन्नास पोरं नाचत होती. मध्ये दादा, चार वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला बंद करा म्हणता आलं नाही. मी तिथंच उभी राहिले.

परत आत आले तेव्हा हलदआय गात होती. ती थांबलीच नव्हती. आवाज काहीच येत नव्हता, नुसते ओठ हलत होते. बाकीच्या बायका एकेक करून बाहेर गेल्या होत्या. दोघींचे हात वरवंट्यावर तसेच चालू होते. तिने एकही नाव गाळलं नाही, घाई केली नाही. मग एका जागी ती पुढे वाकली, आईच्या कानाला तोंड लावलं आणि तिथं काहीतरी गायली. आईचा हात थांबला. तिने डोळे पुसले तर गालावर हळद लागली. मला काही ऐकू आलं नाही. माझ्या वडिलांना कसं बोलावलं ते मी ऐकलं नाही.

थोड्या वेळाने हलदआय बाहेर आली, पायांकडे बघत बसली, मग उठून दोन फेऱ्या नाचली. मी तिच्यापासून लांब राहत होते. तिनेच मला हाताने जवळ बोलावलं. "गानं चांगलं हाय," ती कानाशी म्हणाली. "पन तुझा बापूस आयला, तुला कललं का?"

मी मान हलवून नाही म्हटलं. ती जेवायला गेली.

त्या रविवारी मी वही, पेन आणि मोबाइल घेऊन तिच्या ओट्यावर गेले. म्हटलं, सगळं लिहून घेते, रेकॉर्डही करते. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती मोबाइलसमोर ताठ बसली, पदर नीट केला आणि तोंड उघडलं. पहिली ओळ आली, दुसरी आलीच नाही. तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं, उलटेसुलटे केले. मग हसायला लागली. "हात रिकामं हान गो. माझी गानी हातांची हान, तुमची पायांची. हाताला काम नसलं की मना येक पन आठवत नाय."

तिने आतून भिजवलेले वाल आणले आणि आम्ही दोघी ते सोलायला बसलो. वाल बोटांत आल्याबरोबर गाणं आलं. माझे हात ओले, चिकट. पेन धरता येईना. वही तशीच कोरी राहिली. मोबाइलमध्ये काही रेकॉर्ड झालं, पण घरी ऐकलं तर सालांचा आवाज जास्त. पुढच्या रविवारी मी वही नेलीच नाही. असं दोन वर्षं चाललं. परीक्षेच्या आधीचे रविवारसुद्धा मी चुकवले नाहीत. वाल, लसूण, सुकट निवडणं, गोधडीचे टाके, जे तिच्या घरी असेल ते. गाताना मी चुकले की ती माझ्या पुढ्यातला ढीग परत तिच्या ताटात ओढायची. म्हणजे पहिल्यापासून.

मध्ये विश्रांती घ्यायचो तेव्हा ती माझा एक इयरफोन कानात घालायची आणि म्हणायची, आता तुझं लाव. मी नवीन आलेली गाणी लावायचे. ऐकताना ती लसूण सोलत असे, आणि हात किती जलद चालतो यावरून मला तिचं मत कळायचं. एका गाण्याला तिने अख्खा गड्डा सोलला आणि परत लावायला सांगितलं. दुसऱ्या एका गाण्यावर, जे माझ्या सगळ्या मैत्रिणींना आवडतं, तिने इयरफोन काढून माझ्या मांडीवर ठेवला. "हा पोरगा घाईत हाय," एवढंच म्हणाली. मी नंतर ते गाणं पुन्हा ऐकलं. तो खरंच घाईत होता.

गावातल्या एका काकूने तिच्या तोंडावर विचारलं होतं की लग्न न झालेली पोर धवला शिकते, हे कुठे बघितलंय का. मी उठून जायला निघाले होते. हलदआयने मान वर न करता विचारलं, "हात हान ना तिला?" काकू मूठभर वाल घेऊन तीही सोलायला बसली.

एकदा मी विचारलं की तू सगळ्यांच्या घरच्या माणसांना बोलावतेस, तुला कोण बोलावेल. हा प्रश्न विचारायला नको होता, हे तोंडातून गेल्यावर लक्षात आलं. तिला काही वाटलं नाही. "मना कशाला बोलवाचं?" ती म्हणाली. "जो लांब असतो त्याला बोलवतान. मी तं पाट्यापाशीच असतंय."

गेल्या वर्षी तिला ताप आला आणि कल्याणच्या हॉस्पिटलमध्ये ठेवलं. मी कॉलेजमधून परस्पर गेले. एका हाताला सलाईन होतं. दुसऱ्या हाताची बोटं चादरीवर हलत होती, अंगठा आणि पहिलं बोट, सोलल्यासारखी. तिची सून म्हणाली, भ्रमात आहे, सकाळपासून असंच करते. मी जवळ बसले आणि बोटांकडे बघितलं. देवांची आमंत्रणं झाली होती. ती नावांवर आली होती. नावांना तिचा हात नेहमी सावकाश चालायचा, तसाच चालत होता. मी तिच्या कानाशी वाकून हळू आवाजात गाणं धरलं आणि तिच्या बोटांबरोबर शेवटपर्यंत म्हटलं. बाजूच्या खाटेवरची बाई आमच्याकडे बघत होती. चौथ्या दिवशी हलदआय गेली.

या उन्हाळ्यात माझ्या चुलत बहिणीची हळद झाली. घर तेच, माणसं तीच, डीजेवालाही तोच. त्याने मला लांबून ओळखलं आणि विचारलं, "ताई, या वेळी किती वाजता सुरू करू?" मी म्हटलं, वेळ लिहिलेली नाही. नावं संपली की मी हात वर करीन, तोपर्यंत लावायचं नाही. तो म्हणाला, पोरं ओरडतील. मी म्हटलं, ओरडू दे. मी तिथून हलले नाही. शेवटी त्यानेच मान डोलावली आणि मशीनपासून दूर जाऊन बसला.

पाटा हलदआयचाच होता. तिच्या सुनेने आणून दिला. नवरीच्या आईचा, माझ्या चुलतीचा हात वरवंट्यावर, त्यावर माझा. बाजूला आई बसली होती. मी देव घेतले, खाडी घेतली, बुजवलेली विहीर घेतली. माझा सूर हलदआयसारखा नाही, बारीक आहे, आणि दोनदा दम कमी पडला. पोरं खरंच ओरडली. दादा बाहेर जाऊन त्यांना गप्प करून आला आणि दारात उभा राहिला. मग आजोबा, आजी, मोठे काका, आणि शेवटी, "पुतनीची हलद हाय, बालाराम, लांबचं हाव पन या." आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या वडिलांना नावाने हाक मारली. दादाने चौकट घट्ट धरली होती.

नावं संपली होती. आई माझ्याकडे बघत होती, हलदआयची सूनही बघत होती. दोघी कोणत्या नावाची वाट बघत आहेत हे मला कळत होतं, आणि ते माझ्या ओठांवर आलंही होतं. मी खाली बघितलं. पाट्याला मधोमध खळगा पडला आहे, किती वर्षांच्या हातांचा कोण जाणे, आणि माझा हात त्यातूनच जात-येत होता. तिला बोलवायची गरज नव्हती. ते नाव मी घेतलं नाही. शेवटची ओळ पुरी केली, वरवंटा बाजूला ठेवला, आणि डीजेवाल्याला दिसेल असा हळदीचा हात वर केला.