तीन रंगांची जमीन

२०२४ सालचा उन्हाळा, वैशाखाचा शुद्ध पक्ष. त्या पंधरवड्यात मी सांगलीला सलीमच्या मोबाइल दुकानात कार्डं खेळायला लागलो. चार माणसं दर रविवारी एका टेबलाला बसली की किस्से साठतात. कोणी लिहून ठेवत नाही, पण चूक माझी असली की सगळ्यांना पाठ असते. म्हणून मीच सांगतो. दुसऱ्यांनी मीठमसाला लावायला नको.

मी विट्याचा. चाळीस वर्षं परमुलखात सोनं गाळलं. आता दुकान मुलाकडे आहे. शाळा चौथीपर्यंत.

खेळ असा. प्रत्येकाचा साठ पानांचा डेक. लढणाऱ्या पानांना रंग असतो आणि ते पान टेबलावर उतरवायला त्या रंगाची जमीन लागते. जमीन हेही पानच. एका टर्नला एकच मांडता येते. पानांवर सगळं इंग्रजी. मी चित्रांवरून ओळखतो.

टेबलाला सलीम, फौजेतून निवृत्त झालेला दत्ता आणि बँकेत कॅशियर असलेल्या वैशालीताई कांबळे. दिवाळीनंतर साताऱ्यात चार-चार जणांच्या संघांची स्पर्धा होती. ताईंनी मला तोंडावर सांगितलं, तुमचा डेक धड चालला तर चौथी खुर्ची तुमची, नाहीतर सलीमचा मेहुणा मिरजेहून येईल.

मी म्हणालो, खुर्ची माझीच.

*

पहिल्या रविवारी मी चांगली चांगली लढणारी पानं निवडली. पन्नास भरली. उरलेली दहा जमिनीची. एकही पान न उतरवता हरलो.

दत्तानं माझा डेक हातात घेऊन बघितला. "आण्णा, दहा गुंठ्यांत पन्नास माणसं जगवाय निघालाय व्हय?"

*

मग चोवीस जमिनी घेतल्या. सगळे म्हणाले, दोनच रंग ठेवा. मी तीन ठेवले. हिरवा, पांढरा, काळा. शेवटपर्यंत तीनच ठेवले.

चोवीस भागिले तीन. प्रत्येक रंगाला आठ जमिनी दिल्या. वैशालीताईंनी पानं मोजली. हिरवी बावीस, पांढरी दहा आणि काळी फक्त चार. चार पानांना आठ जमिनी कशाला, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, भाऊ तीन असले की वाटण्या तीन आणि तिन्ही सारख्या. गावात चार वाटण्यांना पंच म्हणून बसलोय.

सलीम म्हणाला, "आण्णा, काळा काय कोर्टात जाणार हाय का?"

मी ऐकलं नाही. दोन रविवार हातात काळ्या जमिनी पडून राहिल्या आणि हिरवी पानं उपाशी मेली. तिसऱ्या रविवारी काळ्याच्या पाच जमिनी काढून हिरव्याला दिल्या आणि कोणाला काही बोललो नाही. पण दत्ताची नजर फौजेतली.

"काळ्यानं हक्कसोडपत्र दिलं वाटतं," तो म्हणाला.

*

काही जमिनी दोन रंग देतात, पण ज्या टर्नला मांडाल त्या टर्नला आडव्या पडून राहतात. पुढच्या टर्नला कामाला येतात. मला त्या पटल्या. बारा घातल्या. ताई म्हणाल्या, जास्त होतायत. मी म्हणालो, आमच्याकडं अडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो, मला एक टर्न थांबायला काय झालं?

दत्ताचा डेक लाल, घाईचा. चौथ्या टर्नला मी मेलो होतो आणि माझी नवी जमीन आडवीच होती.

पानं गोळा करताना तो म्हणाला, "ऊस थांबतोय आण्णा. मी न्हाई थांबत."

बारातल्या चारच ठेवल्या.

*

सोनं अंदाजानं घेत नाहीत, कसोटीवर घासून घेतात. रोज सकाळी मी डेक पिसून खाटेवर सात पानं वाटून घ्यायचो. तिसऱ्या टर्नपर्यंत काही उतरवता आलं तर हात बरा, नाहीतर वाईट. असे पन्नास हात. ताईंनी हद्द घालून दिली होती, पन्नासात दहापेक्षा जास्त वाईट चालणार नाहीत.

आमची मंडळी दोन महिने बघत होती. एक दिवस म्हणाली, "वाटताय, बघताय, परत गोळा करताय. समोर कोण बसतंय कवा?"

वाईट हात एकोणीस होते ते चौदावर आले. तिथं अडले. चौदाचे तेरा होईनात.

*

दोष मला कळला होता. हिरवा आणि पांढरा दोन्ही देणारी, आडवी न पडणारी जमीन लागत होती. चार पानं. सलीमनं कोल्हापुरापर्यंत विचारलं, मिळाली नाहीत. वैशालीताईंकडे चार होती, त्यांच्याच हिरव्या-पांढऱ्या डेकमध्ये.

एका रविवारी त्यांनी ती पानांवरच्या प्लॅस्टिकच्या पाकिटांतून काढली आणि माझ्यापुढं ठेवली. म्हणाल्या, साध्या जमिनींवर माझं भागेल.

आयुष्यात मी कोणाकडून उसनं घेतलं नव्हतं. घरातसुद्धा शेजारून वाटीभर साखर आणलेली मला चालत नाही. पण चौदा वाईट हात माझ्या वहीत लिहिलेले होते. पानं उचलली.

दुसऱ्या दिवशी पन्नासात नऊ वाईट आले. मिरजेचा मेहुणा मिरजेत राहिला.

*

साताऱ्यात तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या दोन मी जिंकल्या, तिसरी हरलो. तिसऱ्या फेरीत ताई जिंकल्या, दत्ता जिंकला, सलीमही जिंकला. सांगली पहिली आली. हे आधी सांगून टाकतो, कारण सांगायचं आहे ते तिसऱ्या फेरीच्या आधीचं.

दुसऱ्या फेरीत माझा डाव लवकर संपला, म्हणून मी ताईंच्या मागं उभा राहिलो. हातात पांढरी पानं भरलेली, टेबलावर चार हिरव्या जमिनी. पाचवी आली तीही हिरवी. त्या हरल्या. पहिली फेरीही अशीच गेली होती. त्या पाणी प्यायल्या.

फेरीच्या आधी पानं बदलायला तिथं परवानगी होती. साध्या जमिनींचा डबा आयोजकांच्या टेबलावर फुकट ठेवलेला होता. मी त्यातून चार घेतल्या, माझ्या पाकिटांतून ताईंची चार पानं काढली, त्या जागी साध्या घातल्या. मग ताईंच्या टेबलापाशी गेलो.

दत्ता म्हणाला, "आवं आण्णा, तुमी दोन जिंकलाय. सांगलीला गेल्यावर द्या की."

"उसनं हाय," मी म्हणालो. "त्यांना नड हाय ती आत्ता."

ताईंनी माझ्याकडं बघितलं. मग चारही पानं मोजून घेतली.