पहिल्या तासाचं खाणं

आमच्या अल्सीदने ओपेलूसस गावात तरुणपण मांसाच्या दुकानात काढलं आणि म्हातारपण डायलिसिसच्या खुर्चीत. मी त्याची बायको, तेव्हा दोन्हीकडचा त्याचा तोरा मीच सोसला आहे. दुकानात त्याच्या बुदाँसाठी, म्हणजे कलेजी-भात भरलेल्या सॉसेजसाठी, रविवारी चर्च सुटलं की रांग लागायची. पुढे मूत्रपिंडं गेली, दुकान विकलं, पण चारचौघांत मिरवल्याशिवाय या माणसाला करमतंय कुठे! मग मंगळवार, गुरुवार, शनिवारी डायलिसिसच्या त्या खोलीतच त्याने दरबार भरवला.

नवीन माणूस सुया बघून पांढरा पडला की नर्सच्या आधी अल्सीद ओरडायचा, "ए, इकडे बघ, माझ्याकडे! चौदा वर्षं झाली मला. मेलोय का मी?" माणूस हसायचा आणि हात पुढे करायचा. हा त्याचा गुण मी नाकारणार नाही. कितीतरी जण पहिल्याच आठवड्यात पळून गेले असते, ते त्याच्यामुळे टिकले.

पण त्याच तोंडाने तो आणखीही काही शिकवायचा. "मशीन सुरू झालं की पहिल्या तासात काय हवं ते खाऊन घ्या. कोला प्या, चीज खा, माझी बुदाँ खा. चार तास रक्त धुतलं जातंय, सगळं निघून जातं." ही समजूत खोलीत त्याच्या आधीपासून होती. तिला वजन आलं ते त्याच्यामुळे. आणि हाडं वाचवायला प्रत्येक खाण्याबरोबर घ्यायच्या त्या जाड गोळ्या? "घोड्याचं औषध ते! मी हातसुद्धा लावत नाही. हाडं बघा माझी, ओकचं लाकूड नुसतं."

हे सगळं मला फार उशिरा कळलं. मी त्याला दारात सोडून घरी यायची. गोळ्या मात्र मीच द्यायची. घरी ताटाशेजारी ठेवायची, आणि डायलिसिसच्या दिवशी डब्यात, कागदी रुमालात गुंडाळून. आणि तो त्या घ्यायचा. चौदा वर्षांत एक गोळी चुकवली नाही पठ्ठ्याने. खोकल्याचं सोंग करून रुमाल तोंडाला लावायचा आणि गिळून टाकायचा.

त्याच्या शेजारच्या खुर्चीवर डेल्फीन आली तेव्हा ती चाळिशीची होती. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला, बोलायला फटकळ, आणि आतून पार घाबरलेली. आम्हाला मूलबाळ नाही, तिचा बाप ती लहान असतानाच गेलेला. महिन्याभरात अल्सीद तिला 'पोरी' म्हणायला लागला आणि तिच्यासाठी मी एक बुदाँ जास्त वाफवायला लागले. आहार सांगणाऱ्या मिस रोशेल दर महिन्याला रक्ताचा अहवाल घेऊन यायच्या आणि डेल्फीनला झापायच्या. ती खाली मान घालून ऐकायची, आणि त्यांची पाठ वळली की अल्सीदला डोळा मारायची. त्या गोळ्यांनी तिचं पोट साफ होत नसे. ज्याला इतकी वर्षं काही झालं नाही तोच सांगतोय म्हटल्यावर गोळ्या टाकून द्यायला तिला आणखी काय हवं होतं? चौथ्या वर्षी तिच्या अंगाला इतकी खाज सुटली की हात ओरबाडून रक्त निघायचं. अल्सीदने तिला खाजेचं तेल नेऊन दिलं. तेल!

ईस्टरनंतर चर्चच्या हॉलमध्ये नाच होता. अकॉर्डियन सुरू झालं आणि आमच्या म्हाताऱ्याच्या अंगात आलं. "ऊठ पोरी, या लोकांना दाखवू डायलिसिसवाले कसे नाचतात ते." नको नको म्हणत ती उठली. त्याने तिचा हात धरून एक गिरकी दिली. ती पडली नाही की घसरली नाही. ती नुसती वळली, आणि मला टेबलापाशी बसून तो आवाज ऐकू आला. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. ती खाली बसत गेली तरी तिचा हात अल्सीदच्या हातातच होता.

ऑपरेशन झालं, आत सळई घातली. दवाखान्याच्या बाहेर मिस रोशेल भेटल्या, डोळे लाल झालेले. म्हणाल्या, "खाण्यातला फॉस्फरस वर्षानुवर्षं साठत गेला हो. मशीन त्यातला थोडाच काढतं. बाकीचा गोळीने पोटातच अडवावा लागतो. नाही अडवला तर अंगाला खाज सुटते, शरीर हाडातलं कॅल्शियम ओढत राहतं, हाडं पोखरून जातात. कानीकपाळी ओरडले मी तिच्या! हे पहिल्या तासाचं खूळ तिच्या डोक्यात कोण भरवतं कोण जाणे." अल्सीद आपल्या बुटांकडे बघत राहिला.

परतताना गाडीत त्याने मला सगळं सांगितलं. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"हातसुद्धा लावत नाहीस? मग मी इतकी वर्षं त्या गोळ्या कुणाला चारत होते?"

"सगळ्यांसमोर गोळ्या काढायच्या म्हणजे... आजाऱ्यासारखं वाटतं, ऑदिल."

"आजाऱ्यासारखं! डायलिसिसच्या खोलीत!"

मी पुष्कळ बोलले. त्या दिवसापासून त्याला अन्न जाईना. गोळी तळहातावर घेऊन बसायचा. "ही गिळताना मला लाज वाटते," म्हणायचा. "माझ्या हातात मोडली ती. मीच तिची हाडं खाल्ली." डेल्फीन निरोपावर निरोप पाठवत होती, मिस्टर अल्सीद का येत नाहीत म्हणून. तो काही ना काही सबब काढायचा. मग नर्सकडून कळलं की डेल्फीन अजूनही गोळ्या परत करते. म्हणते, मिस्टर अल्सीदना विचारा, त्यांचं काय अडलंय? असंच चाललं तर दुसरी मांडीही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

"तू सांगशील का तिला?" अल्सीदने मला विचारलं.

"बढाया तू मारायच्या आणि तोंड मी काळं करून घेऊ? तुझं तूच निस्तर."

बुधवारी सकाळी त्याला दवाखान्यात घेऊन गेले. डेल्फीनच्या पुढ्यात नाश्त्याचं ताट होतं, गोळ्यांची वाटी बाजूला सारलेली. त्याला बघून तिचा चेहरा फुलला.

"आलात एकदाचे! मला वाटलं, नाचायला दुसरी कुणी गाठलीत. बसा, तुम्हाला एक गंमत सांगायची आहे. माझी बहीण इयोला, व्हिल प्लाटला असते ना, तिचंही डायलिसिस सुरू झालंय. मी तिला तुमचं पहिल्या तासाचं शिकवलं. आता तिकडची सगळी खोली खाते! त्याला ते काय म्हणतात, सांगू? अल्सीदचा तास!"

एरवी या बोलण्यावर तो महिनाभर छाती काढून हिंडला असता. आता तो खुर्ची ओढून तिच्या पलंगापाशी बसला.

"पोरी, मी गोळ्या घेतो."

"आता सुरू केल्यात?"

"पहिल्यापासून. प्रत्येक खाण्याबरोबर. तुझ्या शेजारी बसून रुमाल तोंडाला लावायचो ना, तेव्हाही."

ती हसली. तिला थट्टाच वाटली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"रोज?"

"रोज."

ती पांघरुणाखालच्या पायाकडे बघत राहिली. "मी रोज देवाला विचारत होते," ती हळू म्हणाली, "माझ्या हातून असं काय पाप घडलं म्हणून."

"पाप माझं आहे," अल्सीद म्हणाला. त्याने तिच्या हाताकडे हात नेला. तिने आपला हात मागे घेतला.

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वाटी ओढली आणि त्याच्याकडे न बघता एकेक गोळी चावून खाल्ली. पाणी प्याली, अगदी मोजकं, डायलिसिसवाले पितात तसं. मग तिने फोन उचलला.

"इयोलाचे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार. आत्ता खुर्चीत असेल. मशीन नुकतंच लागलं असेल. तिला तुम्ही सांगा."

"तूच सांग, पोरी. तुझी बहीण ती."

"माझं कोण ऐकतंय? मी कोण? मिस्टर अल्सीद तुम्ही आहात."

तिने नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला. पलीकडून माणसांचा गलका ऐकू आला, हसणं ऐकू आलं.

"इयोला, मी... मी ओपेलूससहून अल्सीद बोलतोय."

"कोण? मिस्टर अल्सीद? खुद्द तुम्ही?" ती आनंदाने ओरडली. "थांबा, थांबा हं, काही बोलू नका. स्पीकर लावते. सगळ्यांना ऐकू दे!"