दादाची भरलेली टाकी

माझा भाऊ गेला तेव्हा त्याच्या ओसरीवर काठोकाठ भरलेली काचेची टाकी होती, आणि तिच्यात एकही मासा नव्हता.

आज वर्ष झालं.

दादा आर्मीतून रिटायर होऊन वाईजवळच्या आमच्या गावी आला. लोक रिटायर झाल्यावर बुलेट घेतात, ऊस लावतात. ह्याला माशांची टाकी पाहिजे होती! कुठल्याशा पोस्टिंगला ऑफिसर मेसमध्ये पाहिली होती म्हणे, तेव्हापासून डोक्यात बसलेली.

इकडे सांगलीत आमच्या शेजाऱ्यांची बदली झाली. त्यांची जुनी टाकी मीच त्याला मिळवून दिली. पठ्ठ्यानं गादीत गुंडाळून टेम्पोतून नेली.

वहिनी दारातच आडवी.

"असली जुनी पेटी माझ्या हॉलमधी न्हाई यायची. एक थेंब जरी खाली आला तर भंगारात घालीन."

वहिनीचा शब्द म्हणजे शब्द. दादा साहेब लोकांना घाबरला नसेल तेवढा तिला घाबरायचा.

मग सुरू झाली टेस्ट. ओसरीवर पेपर अंथरायचे, वर थर्माकोल, त्यावर टाकी. थोडं थोडं पाणी भरायचं, बाहेरून काच कोरडी पुसायची आणि वाट बघत बसायचं.

पहिल्याच खेपेला पेपर ओला झाला.

 वहिनीनं नुसतं बघितलं, तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. दादानं पाणी काढलं, सांध्यातलं जुनं सिलिकॉन ब्लेडनं खरवडलं, नवं भरलं, चांगलं वाळू दिलं. आणि पुन्हा टाकी भरली.

येणारा-जाणारा विचारायचा, "आवं सुभेदार, मासं कुठं हायती?"

"त्यांची पोस्टिंगची ऑर्डर आली न्हाई अजून."

टाकी पुन्हा भरली त्या संध्याकाळी मला दादाचा फोन आला.

"छकुले, ह्या खेपंला कोरडं हाय बघ सगळं. अजून दोन दिस भरून ठेवायचं. मग तुझी वहिनी कशी आत घेत न्हाई तेच बघतो."

लय खूश होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीला दूध घालून येताना वाटेतच कोसळला. साताऱ्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी पोचले तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसली होती. ना बोलत होती, ना रडत होती. मला तिची भीतीच वाटली.

आमच्याकडे मयत उचललं की घरातलं साठवलेलं पाणी ओतून टाकतात. बायकांनी हंडे, कळश्या, माठ, सगळं रिकामं केलं. मग आमची चुलती बादली घेऊन टाकीकडं वळली.

"ह्ये बी साठीवलेलंच पानी. काढा समदं."

सकाळपासून मुकी बसलेली वहिनी एकदम उठली.

"त्याला हात लावू नका, आत्ती. दोन दिस ठेवायचं म्हणालेत ते."

 बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मला वाटलं, आता मयताच्या घरात वाद होणार.

चुलतीनं बादली खाली ठेवली.

"ऱ्हाऊ दे गं. ओसरीवर हाय, घराभाईरचंच म्हनायचं त्ये."

रीतीतून एवढी वाट तिनं काढून दिली, त्यासाठी मी तिला जन्मभर मानीन.

सावडायच्या दिवशी पुरुष माणसं नदीवर गेली. वहिनी ओसरीवर आली, टाकीपाशी खाली बसली. चारी कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. खालच्या पेपरची बाहेर आलेली कड चाचपली, एक तुकडा फाडला आणि माझ्या हातात दिला.

"बघा वन्सं. कोरडा हाय."

खरंच कोरडा होता.

"जिंकलं की वो ते," ती म्हणाली. "आता त्यांस्नी कुणी सांगायचं?"

आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं. आम्ही दोघी त्या टाकीशेजारी बसून पोटभर रडलो.

दादा, वर्ष झालं तरी तुला श्रद्धांजली म्हणायला जीभ रेटत नाही रे.

टाकी हॉलमध्ये आहे, टीव्हीच्या शेजारी. वहिनीनंच आत घेतली.

एवढंच तुला सांगायचं राहिलं होतं.