बॅलट शिकवलं आणि फसलो

मंडळी, दुपारपासून अंगणात येरझाऱ्या घालतोय.

मी शेतसारा भरतो, म्हणून सरकारच्या नव्या कायद्याने यंदा बायकोलाही मताचा हक्क मिळाला. ‘बॅलट’ म्हणजे झाकलेलं मत, ते कोणालाच सांगायचं नसतं, हे मीच तिला आठवडाभर शिकवलं.

आज खामगावात मतदान. मी बाहेर थांबलो; आत कारकुनाने तिला नवऱ्याचं नाव विचारलं. ही गप्प! नाव घेणार कशी? तो वैतागून तिला परतच पाठवत होता. शेवटी मागे उभ्या शेजारच्या काकूंनी माझं नाव सांगितलं, तेव्हा कुठे मतपत्रिका मिळाली.

बाहेर येताच मी विचारलं, "कोणाले टाकलं मत?"

"तुमचं नाव कधी तोंडातून काढलं नाही," ती म्हणाली, "मंग त्याचं काऊन काढू?"

जेवणही गेलं नाही हो. तुमच्या घरी तरी सांगितलं का?