तिच्या वितीची खोली

लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूबाईंनी तिचं नाव पाडलं, वीतभर. वाईट अर्थानं नव्हे हो, असं नवरा अजूनही सांगतो. ते घरच ताडमाड माणसांचं. सासरे दारातून वाकून आत यायचे, नणंद वर्गातल्या मुलांपेक्षाही उंच, आणि बसमध्ये पाय कुठे ठेवायचे हा नवऱ्याचा जन्माचा प्रश्न. अशा घरात ही आली आणि सासूबाईंच्या उंचीनं बांधलेल्या स्वयंपाकाच्या ओट्यासमोर उभी राहिली, तर पातेल्यात काय शिजतंय ते तिला दिसेना. सगळे खो खो हसले. तीही हसली. नवी होती.

मग संसारभर टाचा उंचावणं आलं. कपाटाचा वरचा कप्पा, खिडकीची कडी, दिव्याची बटणं. बाथरूममधल्या आरशात तिला स्वतःचा भांग तेवढा दिसायचा. सासूबाई गेल्या, सासरे गेले, पण आरसा काही कुणी खाली घेतला नाही.

नोकरी पडद्यांच्या दुकानात. सकाळी लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, दुपारभर मशीनवर बसायचं. घरात खोल्या किती असतात आणि त्यांतल्या किती बाईच्या वाट्याला येतात, हे तिला त्या मापांमुळेच कळलं. नवऱ्याची टीव्हीची खोली, मुलाची अभ्यासाची खोली, पाहुण्यांची खोली. बाईचं काय, तर गॅलरीतली एक खुर्ची, तिच्यावरही वाळत घातलेला टॉवेल.

तिला खोली हवी होती. हौस म्हणा, हट्ट म्हणा. पॅसेजच्या टोकाला अडगळीची खोली होती, एका खिडकीची. तिच्यात नवऱ्यानं चार दिवस चालवलेली व्यायामाची सायकल होती, मुलानं जपून ठेवलेले रिकामे खोके होते, आणि झाकण नसलेला एक कूलर.

"मी ती खोली घेते," एका रविवारी ती म्हणाली.

"घे की," नवरा पेपरातून म्हणाला. "काय करणारेस तिथे?"

"बसणार आहे."

"बसायला हॉल आहे ना एवढा."

तिनं सायकल भंगारात दिली, खोके मुलाच्या पलंगावर नेऊन ठेवले. कूलरची टाकी उलटी करून तिच्यावर उभी राहिली आणि भिंतीचे पोपडे खरवडायला लागली.

दुकानातून घरी आल्यावर रोज थोडं थोडं काम. पुट्टी भरली, पॉलिश पेपर घासून घासून बोटांची सालं निघाली. दोन घरांतून उरलेला रंग गिऱ्हाइकांनी देऊन टाकला होता, एक पिवळा आणि एक हिरवट. ते तिनं एकत्र केले आणि जो रंग झाला त्याला नाव नव्हतं. मुलगा दारात येऊन म्हणाला, "आई, हा आजारी माणसाचा रंग आहे."

"मग तू बाहेर थांब. लागण होईल."

मापं मात्र तिनं टेपनं घेतली नाहीत. टेप दुकानातली होती, आणि टेपनं मोजलेलं आजवर सगळं दुसऱ्यांचंच झालं होतं. ही खोली तिनं वितीनं मोजली. अंगठा टेकवायचा, करंगळी ताणायची, पुन्हा अंगठा. बसायचा बाक जमिनीपासून दोन वीत, म्हणजे पाय लोंबकळणार नाहीत. बाकापासून सात वीत वर फळी, म्हणजे टाच न उचलता हात पोचेल. फळीची लांबी आठ वीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

वखारीत जाऊन तिनं तसंच सांगितलं, "आठ वीत फळी कापून द्या."

वखारवाला बाप्या दांडगा, पंजा सुपाएवढा. त्यानं आपल्या हातानं आठ विती मोजल्या नि फळी कापून दिली. रिक्षात आडवी घालून फळी घरी आणली, तर ती खोलीत शिरली पण दोन भिंतींच्या मध्ये बसेना. तिरकी केली, उभी केली, शेवटी डोक्यावर घेऊन परत वखारीत.

"बाई, तुम्हीच म्हणालात आठ वीत!"

"माझ्या."

"अहो, मग फूट-इंच कशाला काढलेत जगात?"

"जगासाठी. ही खोली माझ्यासाठी आहे." तिनं फळीवर हात ठेवून बोटं ताणली. "हिला म्हणतात वीत. हिच्यानं मोजा."

वखारवाल्यानं तिचा हात पाहिला, आपला पाहिला, आणि हसू दाबत खिशातून पेन्सिल काढली. त्यानं खुणा करायच्या आणि तिनं वीत पुढे सरकवायची, असं त्या दोघांनी मिळून ते लाकूड मोजलं. उरलेल्या तुकड्याचं तिनं स्टूल केलं.

खोली झाली. दुकानात उरलेल्या कापडांचे तुकडे जोडून पडदा शिवला, त्याच कापडाच्या उशा. जुन्या दाराचं टेबल, त्यावर मशीन. एक आरसा तिनं अशा ठिकाणी लावला की त्यात तिचं अख्खं तोंड दिसत होतं, हनुवटीसकट. पहिल्या दिवशी ती त्याच्यासमोर जरा जास्तच वेळ उभी राहिली.

आणि खोली झाल्याबरोबर घराला ती आवडली. रंगसुद्धा. मुलगा म्हणाला, ऑफिसचे कॉल इथून घेतले तर मागे भिंत काय मस्त दिसेल. नवरा दुपारी उशी घेऊन बाकावर लवंडला. गुडघे पोटाशी घेऊन झोपावं लागलं, पण झोपला. मग बहिणीचा फोन आला तेव्हा तोच म्हणाला, "ये की राहायला! आता छान खोली केलीय आपण."

आपण. ती हातातलं ताट पुसत होती, ते तिनं ओट्यावर जरा जोरातच ठेवलं.

नणंद आली. बॅग थेट त्या खोलीत गेली. ती दुकानातून परतली तेव्हा तिच्या मशीनवर नणंदेचा गाऊन वाळत होता. नणंद वाईट नव्हती. "केवढं गं केलंस एकटीनं," असं म्हणत कौतुकानं बाकावरून उठली आणि फळीला डोकं असं आपटलं की पॅसेजमधून नवरा धावत आला.

"ही कसली फळी! माणसानं उठायचं कसं?"

"मी उठते," ती म्हणाली.

"उद्या सुताराला बोलावतो. फळी वर घेऊ, बाक उंच करू. हिला महिनाभर राहायचंय."

"सुतार येणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे फळी तिथेच राहील. ताई, तुमची बॅग मी हॉलमध्ये ठेवतेय. यांचा पलंग लांब आहे, तुम्ही तिथे झोपा. हे सोफ्यावर झोपतील."

"मी? सोफ्यावर? माझे पाय बाहेर येतात!"

"येऊ द्यात. थोडे दिवस काढायचे."

नवऱ्याचा आवाज चढला. "घर माझं आहे. कोण कुठे झोपणार हे तू ठरवणार?"

"घर तुमचंच. ओटा तुमच्या आईचा, कपाटं तुमच्या वडिलांची, हॉल सगळ्यांचा. मी कधी काही म्हटलं? ही एवढी खोली मी केली, माझ्या मापानं. तुम्हाला होत नाही, ताईंना होत नाही, मुलाला होत नाही. मला होते. अजून काय पुरावा हवा?"

"माणुसकी म्हणून काही असतं."

"असतं ना. म्हणूनच तुमचा पलंग देतेय."

नणंदेला हसू फुटलं. डोक्यावरचं टेंगूळ चोळत ती म्हणाली, "दादा, तू बस गप्प. वीतभर आहे, पण..."

"ताई," ती मध्येच म्हणाली, "तेवढं नाव सोडून काहीही म्हणा."

इतक्या वर्षांत तिनं हे सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते सांगता येतं हे कुणाला माहीत नव्हतं. बहुतेक तिलाही नव्हतं.

तिनं मशीनवरचा गाऊन घडी करून बॅगेवर ठेवला, बॅग हॉलमध्ये नेली, येताना ड्रिल मशीन आणली आणि नवरा, नणंद आणि आवाज ऐकून आलेला मुलगा अशा तिघांच्या देखत दाराला आतून कडी बसवायला घेतली. पहिलं भोक चुकलं. मुलगा म्हणाला, "आई, दे, मी करतो." तिनं मान हलवली. दुसरं भोकही जरा तिरकंच पडलं, कडी वाकडी बसली, पण लागली. लागताना खटकन आवाज आला.

ती आत बसली. बाहेर बराच वेळ कुजबुज, मग सोफा सरकल्याचा आवाज. स्टुलाचे पाय अजून खरबरीत होते, तिनं पॉलिश पेपर घेतला.

थोड्या वेळानं दार वाजलं. एकदा, मग जरा थांबून पुन्हा एकदा. या घरात नवऱ्यानं कधी कुठलं दार वाजवल्याचं तिला आठवेना. तो नुसता आत यायचा.

"काय आहे?" तिनं न उठता विचारलं.

"माझा चष्मा सापडत नाहीये."

"शोधा," ती म्हणाली, आणि घासायला लागली.