दोन तपासण्या आणि एक कौल

मालवणातल्या एका लॅबमध्ये मी वीस वर्षं लोकांचं रक्त तपासतेय. सिफिलिससाठीची व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली की पेशंटला बजावते: ही तपासणी तो जंतू नेमका ओळखत नाही. लेप्टो किंवा मलेरिया होऊन गेला तरी कधीकधी ती हो म्हणते. टीपीएचए खास त्या जंतूविरुद्धची अँटिबॉडी शोधते. तिची वाट बघा, तोवर घरात भांडणं नकोत.

गेल्या वर्षी ह्यांना बोटीवर पुन्हा नोकरीला जाण्यासाठी मेडिकल करायचं होतं. रक्त मीच काढलं. काचेवर सीरमचा थेंब फिरवला, सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर बारीक गुठळ्या, म्हणजे व्हीडीआरएल पॉझिटिव्ह. दोनच महिन्यांपूर्वी, भाताच्या लावणीनंतर, ह्यांना लेप्टो झाला होता. उशाशी मीच बसले होते. पण त्या क्षणी मला ह्यांची परदेशी बंदरं तेवढी आठवली.

टीपीएचएसाठी नमुना कोल्हापूरला पाठवला. रिपोर्टला चार दिवस लागणार होते. ह्यांना काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र राहवेना, म्हणून देवळात कौल लावायला गेले. देवाला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली तर होकार. गुरवाच्या कानात सांगितलं खरं, पण गाऱ्हाणं काय कुजबुजत घालतात? तो खणखणीत आवाजात म्हणाला, "देवा म्हाराजा, ह्या लेकराक घोवाचो संशय इलो हा. त्याचा पाऊल वाकडा पडला नसात तर उजवो कौल दी, म्हाराजा."

मंडपातल्या चार मासळीवाल्या बायका रीतीप्रमाणे म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

पाकळी उजवीकडूनच पडली. मी शिकली-सवरलेली, फूलच शिळं होतं असं मनाशी म्हणत घरी आले.

तिसऱ्या दिवशी हे मासळीबाजारातून रिकाम्या पिशवीने परतले. मी कारण विचारलं नाही. ते मला ठाऊकच होतं.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला, निगेटिव्ह. हे पडवीत झावळ विणत बसले होते. कागद पुढे धरून मी घाईघाईने सांगितलं, की पहिली तपासणी लेप्टोमुळे चुकली होती, बाकी काही नाही.

ह्यांनी कागदाकडे बघितलंही नाही.

"देवाक इचारलंस, कोल्हापुराक इचारलंस," विणता विणताच म्हणाले. "माका खंय इचारलंस गो?"

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. पेशंटना अजून तेच सांगते, वाट बघा म्हणून. सांगताना मान वर होत नाही.