जन्माआधीचे बूट

साठीच्या दशकात मी बंगळूरला शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीत एका अँग्लो-इंडियन आंटींकडे टायपिंगला जात असे. त्या एकट्या राहत. मुलगा ऑस्ट्रेलियात गेला होता. त्यांनाही त्याच्याकडे जायचं होतं, पण पूर्वज गोरा असल्याचा पुरावा तिथलं सरकार मागत होतं. पुरावा शोधता शोधता मी सगळ्या घराची यादी करून टाकली. कुठल्याही कामात आधी यादी, ही माझी सवय तेव्हाचीच.

शेवटच्या ट्रंकेत लहान मुलांच्या बुटांचे पाच जोड निघाले.

"आमची रीत," आंटी म्हणाल्या. "मूल जन्मायच्या आधी त्याचे बूट विकत आणायचे. पणजोबांनी घालून दिलीय. का, ते कुणी विचारलं नाही."

आमच्यात उलटं. जन्माआधी बाळासाठी काडीही आणत नाहीत.

बुटांखाली पणजोबांचे कागद होते. घरात ते घोडदळातले अधिकारी समजले जात. कागद सांगत होते: इंग्लंडात घरफोडी, सात वर्षं ऑस्ट्रेलियात काळं पाणी, मग सुटका, मग जहाजाने हिंदुस्थानात. उंची, डोळ्यांचा रंग, डाव्या अंगठ्यावर व्रण. चोरीचा माल: चादर एक, चमचे दोन, लहान मुलाच्या बुटांचा जोड एक.

आंटींनी कागद मशीनशेजारी ठेवले. मग म्हणाल्या, "घरफोडी गाळून नक्कल टाइप कर."

मी केली. त्यांनी ती वाचली. "आता हा माणूस सभ्य दिसतो. माझा वाटत नाही."

त्यांनी मूळ कागदच पाकिटात घातले.

"आंटी, परवानगी नाही मिळाली तर? चोराची पणती म्हणून?"

"तिथे निम्मे तसलेच गं, चाइल्ड."

चार महिन्यांनी परवानगी आली. आंटी गेल्या. पाचही जोड त्यांनी हातातल्या पिशवीत घेतले. नक्कल मात्र माझ्याकडे राहिली. चोरीचे ते बूट कुठल्या मुलाचे, की कुठल्या मुलासाठी, हे मूळ कागदातही नव्हतं.

पुढे मला दिवस गेले. सातव्या महिन्यात मी बाजारात जाऊन बूट घेऊन आले. थोरली बहीण संतापली. "जन्माआधी? डोकं ठिकाणावर आहे का?"

"स्वल्प थांब, जरा ऐक, अक्का," मी म्हणाले. बूट कपाटात ठेवून दिले.

मुलगी सुखरूप झाली. तिच्या पायात बसेपर्यंत ते कपाटातच होते. दुकानातून आणलेले, कोरे. तरी रोज आत बोटं घालून बघायची मी, दुसऱ्या कुणा मुलाच्या पायांची ऊब लागते का.